मूल सांभाळण्याचा खर्च कोणीं सोसावा?

ज्या गोष्टीचें मोल आपण रोख मोजीत नाहीं, ती फुकट मिळते अशी समजूत करून घेण्याची खोड मनुष्यमात्रास फार जुनी आहे. विहिरीचें पाणी, रानांतील सरपण आणि घरांतील तान्ह्या मुलाचा सांभाळ हीं तिचीं ठळक उदाहरणें होत. शहरांत राहावयास आलेल्या कुटुंबास पहिल्या दोहोंची किंमत लवकरच कळते, कारण नळाची पट्टी व गॅसच्या टाकीचे पैसे द्यावेच लागतात. तिसऱ्या गोष्टीची किंमत मात्र घरांतील आई, आजी किंवा थोरली बहीण आपल्या श्रमांनीं मुकाट्यानें भरीत असते, आणि म्हणून ती कोणाच्याच जमाखर्चाच्या वहींत चढत नाहीं. भारत सरकारनें २०१९ सालीं लोकांच्या दिवसभराच्या वेळेची जी पाहणी केली, तींत असें आढळून आलें कीं, घरांतील मुलें, वृद्ध व आजारी माणसें यांचा सांभाळ करणाऱ्या स्त्रियांचीं त्या कामीं दररोज सरासरी १३४ मिनिटें जातात, आणि तेंच काम करणाऱ्या पुरुषांचीं ७६. स्वयंपाकपाणी व धुणेंभांडें यांचा हिशेब निराळाच. तेथें स्त्रियांचीं २९९ मिनिटें आणि पुरुषांचीं ९७.

आई मजुरीस, कारखान्यांत किंवा कचेरींत जाऊं लागली म्हणजे हा झांकलेला खर्च एकाएकीं उघडा पडतो. मूल कोणाजवळ तरी ठेवणें प्राप्त होतें, आणि ठेवून घेणारीस मोबदला द्यावा लागतो. मग प्रश्न उभा राहतो कीं, हा मोबदला कोणीं द्यावा? आईबापांनीं, मालकानें, कीं सरकारनें? आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या माता नोकरी किंवा मजुरी करितात. तेव्हां हा प्रश्न आम्हांस दूरचा नव्हे. त्याचा उलगडा शक्य तितक्या सोप्या रीतीनें करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक लहानसें गणित मांडूं. आंकडे कल्पित आहेत, परंतु रीत खरी आहे. समजा, एका वस्तींत एक पाळणाघर असून त्यांत बारा मुलें आहेत. कांहीं रांगणारीं, कांहीं नुकतींच चालूं लागलेलीं. इतक्या मुलांवर नजर ठेवावयास दोन बाया तरी हव्यात. प्रत्येकीस दरमहा १२,००० रुपये दिले, तर वेतनाचे २४,००० झाले. जागेचें भाडें ९,००० आणि दूध, खाऊ, साबण, वीज व औषधपाणी मिळून ६,००० धरले, तर एकूण खर्च ३९,००० रुपये होतो. त्यास बारांनीं भागिलें असतां दर मुलामागें ३,२५० रुपये येतात. आतां जिला महिना १०,००० रुपये मिळतात व जिचीं दोन मुलें लहान आहेत, अशा आईनें काय करावें? ६,५०० रुपये पाळणाघरास आणि १,००० रुपये जाण्यायेण्यास गेले म्हणजे तिच्या हातीं २,५०० उरतात. महिनाभर राबून अडीच हजार! अशा स्थितींत ती एक तर काम सोडून घरीं बसते, किंवा मुलांस कोणाच्या तरी हवालीं करून देवावर भरंवसा ठेवते.

पाळणाघर चालविणारी बाई लोभी आहे म्हणून असें होतें काय? मुळींच नाहीं. विद्यार्थ्यांनीं तेंच गणित उलट बाजूनें मांडून पाहावें. त्या बाईनें दर मुलामागें १,००० रुपयेच घ्यावयाचें ठरविलें, तर बारा मुलांचे १२,००० जमतील. त्यांतून भाडें वजा जातां ३,००० राहतील. त्यांत दुधाखाऊचा खर्चसुद्धां भागणार नाहीं, मग दोघींच्या वेतनाची गोष्ट दूरच. सारांश, जी रक्कम आईस परवडते ती पाळणाघरास पुरत नाहीं, आणि जी पाळणाघरास पुरते ती आईस परवडत नाहीं. या दोहोंत दर मुलामागें २,२५० रुपयांचें अंतर आहे, आणि मुलांच्या सांभाळाविषयीं जगांत जो वाद चालला आहे तो सारा या अंतराचा आहे.

दुसऱ्या धंद्यांत असें अंतर यंत्रानें भरून काढतां येतें. हातमागावर एक विणकर दिवसांत जेवढें कापड विणीत असे, त्याच्या कितीतरी पट कापड गिरणींतला कामगार काढतो. म्हणून कापड स्वस्त झालें. परंतु एका बाईला एका वेळीं किती तान्हीं मुलें नीट पाहतां येतील, ही संख्या शंभर वर्षांपूर्वीं जेवढी होती तेवढीच आज आहे. रडतें मूल कडेवर घ्यावयास माणूसच लागतें. त्यामुळें इतर वस्तु स्वस्त होत गेल्या तरी मुलांचा सांभाळ स्वस्त होत नाहीं; उलट इतर धंद्यांत मजुरीचे दर चढले म्हणजे येथेंही ते चढवावे लागतात, नाहीं तर या कामास कोणी मिळेनासें होतें. जी गोष्ट पाळणाघराची, तीच शाळेची आणि रुग्णालयाची.

कोणी म्हणेल कीं, स्वस्त पाळणाघरें तर आम्हीं पाहिलीं आहेत. खरें आहे. परंतु तेथें खर्च नाहींसा झालेला नसतो. तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथीं गेलेला असतो. एक तर बारांऐवजीं तीस मुलें एकाच खोलींत कोंबलेलीं असतात. म्हणजे खर्च मुलांनीं सोसला. किंवा सांभाळणाऱ्या बाईस अर्धेंच वेतन दिलेलें असतें. म्हणजे तो तिनें सोसला. आणि जेथें पाळणाघरच नसतें, तेथें दहाबारा वर्षांची थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्या भावंडांस खेळवीत बसते. म्हणजे तो तिनें आपल्या शिक्षणांतून भरला. आम्हां शिक्षकांस हा तिसरा प्रकार हजेरीपटांत दिसतो. आठवड्यांत एक दिवस गैरहजर, मग तीन दिवस, मग वार्षिक परीक्षेस अनुपस्थित, आणि पुढील जूनमध्यें नांव कमी. कारण विचारावें तर 'घरचें काम' एवढेंच उत्तर मिळतें. या दोन शब्दांआड बहुधा एक पाळणा असतो.

हा प्रश्न आजचा नव्हे. मुंबईच्या कापड-गिरण्यांत तो शंभर वर्षांपूर्वींच उत्पन्न झाला होता. आई गिरणींत असतां तान्ह्या मुलानें दिवसभर निजून राहावें म्हणून त्यास अफूची गोळी देण्याची चाल कामकरी वस्तींत सर्रास होती. १९२२ च्या सुमारास सरकारच्या वतीनें एका स्त्री-डॉक्टरनें गिरणींतील बायांच्या बाळंतपणाच्या स्थितीची चौकशी केली, तेव्हां ही चाल जवळजवळ घरोघर असल्याचें दिसून आलें. या माता निष्ठुर नव्हत्या. मूल उपाशी ठेवावें कीं गुंगींत ठेवावें, एवढीच निवड त्यांच्यापुढें होती. सांभाळाचा खर्च द्यावयास जवळ कांहीं नसलें म्हणजे तो शेवटीं मुलाच्या देहावर कसा वसूल होतो, याचें याहून करुण उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

१९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत गिरणींतील स्त्रियांस बाळंतपणाच्या काळीं भत्ता मिळावा असें बिल आलें. मालकांच्या बाजूनें आक्षेप निघाला कीं, हा भार उद्योगधंद्यांवर घालूं नये. त्या प्रसंगीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं बिलाचा पुरस्कार करितांना जो विचार मांडला तो आजही मननीय आहे. स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकास होतो, तेव्हां त्यानें भाराचा कांहीं अंश उचलणें रास्त आहे. परंतु लोकांच्या कल्याणाचें रक्षण हें मुख्यत्वें सरकारचें काम असल्यामुळें या खर्चाचा मोठा वांटा सरकारनें उचलावयास हवा, असा त्यांचा आशय होता. पुढील वर्षीं, म्हणजे १९२९ सालीं, मुंबई प्रांताचा कायदा झाला. परंतु पैसे द्यावयाचे ते मालकानेंच, अशी त्यांत व्यवस्था होती. सरकारच्या वांट्याची गोष्ट मागें राहिली, आणि पुढील कायद्यांनीं पुष्कळ काळ तोच मार्ग धरिला.

तो मार्ग कसा आहे तें पाहूं. १९३४ च्या कारखाने कायद्यानें, पन्नासांहून अधिक स्त्रिया जेथें काम करितात तेथें त्यांच्या मुलांसाठीं खोली ठेवण्याचा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यानें तेवढ्याच संख्येच्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठीं पाळणाघर सक्तीचें केलें, आणि १९७६ सालीं पन्नासांची मर्यादा तिसांवर आणिली. हेतु उत्तम होता. परंतु मालकाच्या दृष्टीनें विचार केला तर एक विपरीत गोष्ट ध्यानांत येते. तीस स्त्रिया असतां त्यास पाळणाघराचा खर्च नाहीं. एकतिसावी आली कीं सारा खर्च अंगावर येतो. मग ती एकतिसावी कामावर घेण्याऐवजीं पुरुष घ्यावा, असें त्यास वाटल्यास नवल नाहीं. ज्या कायद्यानें स्त्रीचें रक्षण करावयाचें, तोच तिच्या नोकरीच्या आड उभा राहतो.

२०१७ सालीं मातृत्वलाभ कायद्यास जी दुरुस्ती झाली, तींत हा दोष कांहीं अंशीं दूर झाला. पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक संस्थेनें पाळणाघराची सोय करावी, आणि आईस दिवसांतून चार वेळां मुलास पाहावयास जाऊं द्यावें, असें त्या दुरुस्तीनें ठरविलें. येथें मोजणी स्त्रियांची नसून सर्व नोकरांची आहे. बदल लहान दिसतो, परंतु मर्माचा आहे. कारण स्त्री घेतली काय किंवा पुरुष घेतला काय, मालकाचा हिशेब सारखाच राहतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही हाच पन्नासांचा आंकडा कायम ठेविला आहे. तथापि त्याच २०१७ च्या दुरुस्तीनें भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली, आणि जेथें कर्मचारी राज्य विमा योजना लागू नाहीं तेथें त्या रजेचा सारा खर्च एकट्या मालकावर राहिला. म्हणजे दाराची एक फळी उघडली आणि दुसरी लोटली.

शिवाय मालकावर भार टाकण्याच्या या पद्धतींत एक मोठी उणीव आहे. ज्या स्त्रीस पन्नास नोकरांचा मालकच नाहीं, तिनें काय करावें? शेतांत निंदणी-खुरपणी करणारी, ऊसतोडीस जाणारी, चार घरचीं धुणींभांडीं करणारी, घरीं बसून विड्या वळणारी, रस्त्यावर भाजी विकणारी, या सर्व कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. आणि आपल्या देशांतील कष्टकरी स्त्रियांत त्यांचीच संख्या मोठी आहे. इमारतींच्या बांधकामावर काम करणाऱ्यांसाठीं १९९६ चा स्वतंत्र कायदा झाला खरा, परंतु त्यांतही पन्नासांहून अधिक स्त्रियांची अट होती. तेथें कायद्याच्या पुष्कळ आधीं माणुसकी जाऊन पोंचली होती. १९६९ सालीं दिल्लींत राजघाटाजवळ गांधी-शताब्दीनिमित्त इमारती उठत असतां मजुरांचीं मुलें उन्हांत मातीच्या ढिगांवर पडलेलीं पाहून मीरा महादेवन यांनीं तंबूंत पाळणाघर सुरू केलें. त्यांतूनच 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था उदयास आली. काम जेथें जाई तेथें पाळणाघर जाई. मुंबईंतही पुढें हें कार्य झालें. परंतु दानधर्मावर चालणारें काम कितीही थोर असलें तरी तें देशभर पुरूं शकत नाहीं. म्हणून शेवटीं दृष्टि सरकारी तिजोरीकडे वळते.

आतां सरकारनें काय केलें तें पाहूं. या बाबतींत महाराष्ट्रानें अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं ठाणे जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या पालघर जिल्ह्यांतील, बोर्डी गांवीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें. तेथें अनुताई वाघ त्यांच्या साहाय्यास आल्या. मुलें शाळेकडे येत नाहींत तर शाळेनें मुलांच्या अंगणांत जावें, या विचारांतून 'अंगणवाडी' निर्माण झाली. पुढें कोसबाड येथें पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणणारा 'विकासवाडी'चा प्रयोग त्यांनीं केला. त्यांतील मर्म असें कीं, धाकटें भावंड पाळणाघरांत राहिलें म्हणजे थोरली बहीण त्याच आवारांत निर्धास्तपणें वर्गांत बसूं शकते. शिक्षणाचा मार्ग पाळण्यावरून जातो, हें त्या दोघींनीं ओळखिलें होतें.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणीं सुरू केली आणि अंगणवाडी हें नांव देशभर गेलें. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ही सेवा सर्व वस्त्यांपर्यंत नेण्याचा आदेश दिला. आज देशांत सुमारें चौदा लाख आणि महाराष्ट्रांत एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यांत आहार मिळतो, लसीकरणास साहाय्य होतें आणि तीन ते सहा वर्षांचीं मुलें गाणीं, गोष्टी व अक्षरें शिकतात. पालकांस एक पैसाही द्यावा लागत नाहीं. एवढें मोठें कार्य जगांत फार थोड्या ठिकाणीं झालें असेल. तरीही आमच्या प्रश्नाचें तें पूर्ण उत्तर नाहीं. अंगणवाडी दिवसांतून कांहीं तासच भरते, आणि मजुरीचा दिवस संध्याकाळपर्यंत चालतो. शिवाय तीन वर्षांखालील मुलांस बहुधा घरीं न्यावयाचा शिधा मिळतो, सांभाळ मिळत नाहीं. आणि आईस अडचण पडते ती या तान्ह्यांचीच.

या दिवसभराच्या सांभाळासाठीं निराळी पाळणाघर योजना आहे. २००६ सालीं तिला राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना असें नांव होतें. २०१७ च्या आरंभापासून तिचें स्वरूप बदललें. एका पाळणाघरांत पंचवीस मुलें, दररोज साडेसात तास, महिन्यास सव्वीस दिवस, असा नियम झाला. खर्चापैकीं ६० टक्के केंद्रानें, २० टक्के राज्यानें व २० टक्के चालविणाऱ्या संस्थेनें द्यावे, असें बहुतेक राज्यांसाठीं ठरलें. पालकांनीं द्यावयाची रक्कम उत्पन्नाप्रमाणें नेमून दिली: दारिद्र्यरेषेखालील कुटुंबानें मुलामागें दरमहा २० रुपये, १२,००० रुपयांपर्यंत मासिक उत्पन्न असणारांनीं १०० रुपये आणि त्याहून अधिक असणारांनीं २०० रुपये. वरील आमच्या गणिताशीं हे आंकडे ताडून पाहिले म्हणजे सरकारी साहाय्याचा अर्थ चट्कन् ध्यानांत येईल. ज्या अंतरामुळें आई घरीं बसत होती, तें अंतर तिजोरीनें भरून काढिलें.

परंतु येथेंच दुसरा धडा शिकावयास मिळतो. शुल्क कमी झालें म्हणजे काम झालें असें नव्हे. पाळणाघर जाग्यावर असावयास हवें. या योजनेखालीं एके काळीं देशांत वीस हजारांहून अधिक पाळणाघरें होतीं. २०२० च्या सुमारास त्यांची संख्या सात हजारांच्याही खालीं आली. वीस रुपयांत मिळणारी जागा ज्या गांवीं नाहींच, तेथें तो दर कागदावरच राहतो. पुढें १ एप्रिल २०२२ पासून 'पाळणा' या नांवानें योजनेची नवी मांडणी झाली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडून अशीं १७,००० केंद्रें उघडण्याचें उद्दिष्ट ठरलें. बोर्डी-कोसबाडचा विचार पुन्हां आपल्या वाटेवर आला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तिसरा धडा सांभाळणाऱ्या स्त्रियांविषयींचा आहे. अंगणवाडी सेविकेस मिळतें त्यास वेतन न म्हणतां मानधन म्हणतात. २०१८ सालीं केंद्रानें तें ३,००० वरून ४,५०० रुपयांवर नेलें, व राज्यें त्यांत आपली भर घालतात. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत असा निर्णय दिला. डिसेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्रांतील सेविकांनीं मानधनवाढीसाठीं व इतर मागण्यांसाठीं राज्यभर संप केला. या सर्व हकिकतीचा अर्थ एवढाच कीं, पालकांस फुकट मिळणाऱ्या सेवेचा एक भाग अद्यापि गरीब स्त्रियाच आपल्या पदरांतून भरीत आहेत. तिजोरीनें आपला वांटा पुरता उचलला नाहीं, तर तो सांभाळणारीच्या ताटांतून जातो.

सरकारनें भार उचलिला असतां काय घडतें, हें पाहावयास कॅनडांतील क्वेबेक प्रांताचें उदाहरण उपयोगी आहे. तेथें १९९७ च्या सप्टेंबरपासून मुलाच्या सांभाळासाठीं पालकांनीं दररोज अवघे ५ डॉलर द्यावे आणि बाकीचा खर्च प्रांतानें करावा, असें ठरलें. आरंभ चार वर्षांच्या मुलांपासून झाला व तीन वर्षांत ही सोय तान्ह्या मुलांपर्यंत पोंचली. २००४ सालीं दर ७ डॉलर झाला. परिणाम असा झाला कीं, लहान मुलांच्या माता मोठ्या संख्येनें कामावर जाऊं लागल्या. तेथील अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासाप्रमाणें २००८ सालीं या योजनेमुळें सुमारें ७०,००० अधिक माता कामावर होत्या, आणि त्यांच्या कमाईवरील करांनीं सरकारचा खर्च भरून निघून वर कांहीं उरत होतें. उलट पक्षीं दुसऱ्या संशोधकांस असें आढळलें कीं, घाईनें वाढविलेल्या या व्यवस्थेंत कांहीं मुलांच्या वागणुकींत चिडखोरपणा व बेचैनी वाढली. शिवाय जागा थोड्या व मागणारे फार, अशी स्थिति होऊन पुष्कळांस नांव नोंदवून वाट पाहावी लागली. असें असूनही २०२१ सालीं कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारनें तोच मार्ग धरून, सरासरी दररोज १० डॉलर हा दर देशभर आणण्यासाठीं पांच वर्षांकरितां ३० अब्ज डॉलरची तरतूद केली. यावरून इतकें निश्चित कळतें कीं, दर उतरविणें, जागा वाढविणें आणि सांभाळ चांगला ठेवणें, हीं तिन्ही कामें एकदम करावीं लागतात. एकच केलें तर तिवईचा एक पाय लांब व दोन आंखूड, अशी गत होते.

आपल्याकडे क्वेबेकची हुबेहूब नक्कल होणार नाहीं, हें आम्ही जाणतों. मजुरी करणारी स्त्री प्राप्तीवरील कर देत नाहीं. तेव्हां तिच्या कमाईतून सरकारचा पैसा तसा लवकर परत येणार नाहीं. येथें तो दुसऱ्या रूपानें परत येतो: घरांत आलेल्या मजुरीनें, मुलाच्या वाढलेल्या वजनानें आणि थोरल्या मुलीच्या पुऱ्या झालेल्या शाळेनें. हा परतावा अंदाजपत्रकांत दिसत नाहीं, म्हणून तो खोटा ठरत नाहीं.

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला असा कीं, मूल सांभाळणें हें आईचेंच काम, परक्यांनीं त्यांत पडूं नये. ज्या घरीं आई, बाप किंवा आजी स्वखुषीनें मुलाजवळ राहूं शकते, त्या घरास कोणीही दोष देणार नाहीं. परंतु हा उपदेश मजूर स्त्रीस करणें म्हणजे उपाशी माणसास पथ्य सांगण्यासारखें आहे. आणि ज्या घरांतून असा आक्षेप निघतो, त्याच घरांत पुष्कळदां एक बाई आपलें मूल झोपडींत ठेवून दुसऱ्याचें मूल खेळवीत असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. सरकारनें एवढा पैसा आणावा कोठून? हा प्रश्न योग्य आहे; परंतु तो नवा नाहीं. १९११ सालीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणिलें, तेव्हां खर्चाची हीच हरकत घेतली गेली, आणि मार्च १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें नापास झालें. त्याच सुमारास बडोदें संस्थानांत सयाजीराव महाराजांनीं तें करूनही दाखविलें होतें. पुढें शंभर वर्षें लोटलीं नाहींत तोंच २००९ सालीं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क कायद्यानें मिळाला. आज गांवच्या शाळेंत मूल घालावयास बापानें शिक्षकाचा पगार द्यावा, असें कोणी म्हणत नाहीं. मग सहाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं जें मूल केवळ आईबापांचें, तेंच दुसऱ्या दिवशीं सगळ्या राज्याचें होतें, हें कसें? राज्यघटनेच्या ४५ व्या कलमानेंही, २००२ च्या दुरुस्तीनंतर, सहा वर्षें पुरीं होईपर्यंत सर्व मुलांच्या संगोपनाची व शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्यानें करावा असें सांगितलें आहे. मात्र तो मार्गदर्शनाचा शब्द आहे, हक्काचा नव्हे. हक्क आणि मार्गदर्शन यांमध्यें जी खोल दरी आहे, तींतच आजचीं तान्हीं मुलें आहेत.

मग आमच्या प्रश्नाचें उत्तर काय? आमच्या मतें तें असें: आईबापांनीं आपल्या ऐपतीप्रमाणें द्यावें, मालकानें आपल्या लाभाच्या प्रमाणांत द्यावें, आणि उरलेलें अंतर सर्वांच्या करांतून सरकारनें भरावें, सांभाळणाऱ्या बाईच्या वेतनांतून किंवा थोरल्या मुलीच्या शाळेंतून तें कधींही भरलें जाऊं नये. सरकार ही कांहीं आकाशांतील वस्तु नव्हे. तें आपणच दिलेल्या पैशानें व आपणच केलेल्या मागणीनें चालतें. यास्तव पालकांस आमची विनंति आहे कीं, आपल्या वस्तींतील अंगणवाडींत पाळणाघराची सोय झाली आहे किंवा नाहीं याची त्यांनीं विचारपूस करावी. नसेल तर ग्रामसभेंत किंवा नगरसेवकाकडे ती मागावी. आणि पन्नासांहून अधिक नोकर असलेल्या जागीं काम करीत असल्यास कायद्यानें दिलेली सोय संकोच न धरतां मागून घ्यावी. खाजगी पाळणाघरांत मूल ठेवितांना केवळ दर न विचारतां, एका बाईकडे मुलें किती, हें आधीं विचारावें. आणि घरच्या बापांनीं वर सांगितलेल्या १३४ व ७६ या आंकड्यांवर एकदां शांतपणें विचार करावा. तेथील अंतर भरून काढावयास कोणत्याही सरकारच्या अनुदानाची गरज नाहीं.

विद्यार्थी व विद्यार्थिनी यांनाही एक काम सांगतों. एक आठवडाभर आपल्या घरांत धाकट्या भावंडांस कोण, किती वेळ सांभाळतें, याची नोंद वहींत करावी व रविवारीं बेरीज मारावी. ज्या मुलांस ही बेरीज मोठी दिसेल, त्यांनीं ती आईवडिलांस आदरानें दाखवावी. आणि एखादी वर्गभगिनी वरचेवर गैरहजर राहूं लागली, तर तिची थट्टा न करितां ती गोष्ट वेळींच वर्गशिक्षकांच्या कानीं घालावी. कारण पटावरून नांव निघून गेल्यावर तिला परत आणणें फार कठीण जातें, आणि त्यापूर्वीं पुष्कळ कांहीं करतां येतें.